पर्व आणि पेर

परदेशी विज्ञानमालिकेचे नवे पर्व येणार अशी वार्ता आली की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतील तरुण मंडळी दिवस मोजू लागतात. घरातील वडीलधाऱ्यांना याचे नवल वाटते, क्वचित रागही येतो. अंतराळयाने, परग्रहावरील माणसे आणि काळाच्या उलट्या प्रवासात या मुलांना एवढे काय सापडते, असा प्रश्न साहजिकच पडतो. आम्हांस मात्र या उत्सुकतेत इतिहासाचा एक धागा दिसतो. तो धागा मराठी विज्ञानकथेतून जातो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांतून जातो, आणि त्याचे एक टोक थेट या इंदूर नगरीत आहे. त्याचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजी 'सीझन' या शब्दासाठी मराठीत दोन शब्द तयार होते. 'हंगाम' हा आंब्याचा, उसाचा, क्रिकेटचा. परंतु मराठी वाहिन्यांनी मालिकांसाठी स्वीकारला तो शब्द 'पर्व'. महाभारताच्या अठरा पर्वांमुळे तो आपल्या कानांना परका नाही. पर्व या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ सांधा किंवा गाठ. आणि उसाचे 'पेर' हा शब्द त्याच कुळातला. ऊस लावताना शेतकरी दोन डोळ्यांचे टिपरे निवडतो, कारण डोळा पेराशीच असतो आणि नवा कोंब तेथूनच फुटतो. पेर नसलेला तुकडा कितीही रसाळ असला तरी जमिनीत घालून उपयोग नाही. मालिकेच्या नव्या पर्वाचेही असेच आहे. मागचे जेथे थांबले तेथे डोळा शाबूत असेल, तरच पुढचे उगवते.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक'. ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी तयार केलेला तिचा पहिला नमुनाभाग वाहिनीने नाकारला होता. त्या भागातील कप्तानाचे नाव पाइक. नाकारलेली ती फीत निर्मात्यांनी टाकून दिली नाही. त्याच वर्षी दोन भागांच्या एका कथेत तिचा उपयोग करून घेतला. पुढे प्रेक्षकसंख्या अपुरी म्हणून मालिका बंद होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम उघडली. १९६८ साली वाहिनीला मालिका पुढे चालू राहील असे पडद्यावरून जाहीर करावे लागले. तरीही तिसऱ्या पर्वानंतर, ७९ भाग पूर्ण करून, जून १९६९ मध्ये ती थांबली. त्यानंतर अवघ्या दीड महिन्यात माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

परंतु जुने भाग ठिकठिकाणच्या वाहिन्या पुनःपुन्हा दाखवीत राहिल्या आणि प्रेक्षक वाढत गेले. १९७९ मध्ये चित्रपट आला, १९८७ मध्ये नवी मालिका आली. २०२२ साली याच कुळातील आणखी एक मालिका सुरू झाली. तिचा नायक तोच पाइक, सुमारे साडेपाच दशकांपूर्वी नाकारल्या गेलेल्या नमुनाभागातला. त्या मालिकेचे तिसरे पर्व २०२५ मध्ये आले. नाकारलेल्या टिपऱ्याचा डोळा इतकी वर्षे जिवंत राहिला तो केवळ कोणीतरी तो जपून ठेवला म्हणून.

दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. त्या काळी चित्रफिती महाग असत आणि जुने भाग पुन्हा दाखविण्याची फारशी सोय नसे. म्हणून बीबीसीने अनेक भाग पुसून टाकले. पण घरोघरच्या काही चाहत्यांनी दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून त्या भागांचे आवाज मुद्रित करून ठेवले होते. आज चित्र हरवले आहे अशा भागांचा आवाज तरी ऐकायला मिळतो, तो या घरगुती उद्योगामुळे. १९८९ मध्ये थांबलेली ही मालिका २००५ मध्ये नव्या पर्वासह परत आली. मोठ्या संस्थेने जे पुसले ते सामान्य घरांनी राखले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

'पुढे काय झाले?' ही ओढ दूरचित्रवाणीने निर्माण केलेली नाही. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांची पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याची कथा १८६५ साली एका दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी प्रवासी चंद्रावर उतरत नाहीत. त्यांचा तोफगोळा चंद्राभोवती फिरत राहतो आणि कथा संपते. त्या तिघांचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी वाचकांना १८६९ पर्यंत थांबावे लागले. आजच्या नातवंडांना वर्षभर थांबावे लागते म्हणून ती कुरकुरतात. व्हर्नच्या वाचकांनी चार वर्षे कळ काढली होती.

हीच चंद्रयात्रा मराठीत आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० च्या सुमारास. 'चंद्रलोकची सफर' या नावाने ती 'केरळकोकिळ' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये कोचीनला सुरू केले होते. मराठी वाचकाला चंद्रावर नेणारे यान मलबारच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या एका मासिकातून निघाले, ही घटना आम्हांस फार बोलकी वाटते. पुढे १९१५ मध्ये श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. मराठीतील आरंभीची स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून अभ्यासक तिचा उल्लेख करतात.

आता इंदूरकडे वळू. १९१० च्या फेब्रुवारीपासून १९११ च्या जूनपर्यंतच्या सोळा-सतरा महिन्यांत या नगरीत भागवत आडनावाची तीन मुले जन्मली. पहिल्या दुर्गा भागवत. दुसरे भास्कर रामचंद्र, म्हणजे आपले भा. रा. भागवत. तिसऱ्या दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी कमला, विवाहानंतरच्या कमला सोहोनी. कमलाबाईंना बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. नकार देणारे होते साक्षात सर चंद्रशेखर व्यंकट रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. १९३३ मध्ये त्यांनी अटींसह का होईना प्रवेश मिळविला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली. विज्ञानविषयात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती व्हर्न दिला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावे उच्चारली तरी आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. 'शेंडेनक्षत्र' हा शब्द पाहावा. धूमकेतू हा संस्कृत शब्द हाताशी असताना भागवतांनी लोकांच्या तोंडचा शब्द उचलला. शेंडी असलेले नक्षत्र आकाशात कसे दिसत असेल, हे कोणत्याही मुलाला न सांगता कळते. परकी कथा घरची कशी करावी याचा हा धडाच आहे. त्यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तर एका पुस्तकात मावला नाही. एकामागून एक अशी वीस पुस्तके झाली, १९८० च्या दशकात तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये चित्रपटात. मराठी नायकाला नवी नवी पर्वे लाभू शकतात, याचा हा पुरावा. भागवतांचे निधन २००१ साली झाले. त्याच वर्षी त्यांच्या जन्मगावी, इंदुरात, विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. १९१७ आणि १९३५ नंतरचे येथील ते तिसरे.

मराठी विज्ञानकथेचे पुढचे पेर १९७४ चे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली होती आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धा सुरू झाल्या होत्या. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे टोपणनाव सिद्ध केले, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाईंकडून लिहवून घेतली. कीर्तीच्या बळावर पारितोषिक नको, कथेच्या बळावर हवे, ही त्यामागची भूमिका. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून विज्ञानकथेच्या या नव्या प्रवाहाचे स्वागत झाले. ते करणाऱ्या अध्यक्षा होत्या दुर्गा भागवत. इंदूरच्या त्या तिघांपैकी एकीने विज्ञान केले, एकाने विज्ञानकथा आणली आणि एकीने तिला साहित्याच्या मांडवात पाट दिला.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, परंतु बालपण गेले बनारसमध्ये. वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, ही आपल्यापैकी प्रत्येकाला परिचित अशी स्थिती त्यांनी अनुभवली होती. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर आलेले ते पहिले वैज्ञानिक. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कोचीन, इंदूर, बनारस. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील तीन महत्त्वाचे सांधे असे बृहन्महाराष्ट्रात जुळलेले दिसतात. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्यासारख्या महाराष्ट्रात राहून ही कथा समृद्ध करणाऱ्या लेखकांचे ऋण आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. तरीही हा केवळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. जो मुलूख सोडून दूर येतो, त्याला आपले जग हे अनेक जगांपैकी एक आहे हे लवकर कळते. दुसऱ्या हवेत आपला श्वास कसा टिकवावा हा विज्ञानकथेतील अंतराळवीराचा प्रश्न असतो, आणि तोच आपल्या पूर्वजांचाही होता. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या मागोमाग जी कुटुंबे नर्मदा ओलांडून माळव्यात आली, त्यांनी आपले देव, लोणच्याच्या बरण्या, पंचांग आणि भाषा बरोबर आणली. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि ही वस्ती पक्की झाली. परत जाण्याचा विचार हळूहळू मावळला. राहिली ती पुढच्या पिढीला काय द्यायचे याची चिंता.

मग प्रश्न असा की, एवढी परंपरा असून मराठीत दीर्घ विज्ञानमालिका का रुजली नाही? एक कारण उघड आहे: अशा मालिकेला पैसा फार लागतो. दुसरे कारण मात्र साहित्याच्या घडणीतले आहे. आपली विज्ञानकथा प्रामुख्याने स्पर्धांत आणि दिवाळी अंकांत वाढली. दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो. तेथे कथा एकाच बैठकीत संपावी लागते आणि शेवटी धक्का देऊन मोकळी व्हावी लागते. या साच्याने आपल्याला उत्तम लघुकथा दिल्या. परंतु एक जग रचावे, त्यातील माणसे वर्षानुवर्षे सांभाळावीत, एकाने सोडलेले सूत्र दुसऱ्याने उचलावे, ही सवय त्यातून लागली नाही. प्रत्येक लेखकाने आपले यान नव्याने बांधले आणि कथेच्या शेवटी तेथेच सोडून दिले.

दूरचित्रवाणीने ही उणीव भरली, पण दुसऱ्या भाषांत. १९८० च्या दशकात रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' दिसे, ते इंग्रजीत. त्या दशकाच्या अखेरीस 'स्पेस सिटी सिग्मा' आणि 'इंद्रधनुष' आल्या, १९९८ मध्ये केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली. या तिन्ही हिंदीत. व्योमची भूमिका करणारे मिलिंद सोमण मराठी, पण त्यांच्या यानाची भाषा मराठी नव्हती. खुद्द नारळीकरांनीही विश्वाची ओळख करून देणारी 'ब्रह्मांड' ही मालिका देशभरच्या प्रेक्षकांसाठी केली, तेव्हा तिची भाषा स्वाभाविकच हिंदी होती. यात कोणाचा दोष नाही. मात्र परिणाम असा झाला की आपल्या घरांत मराठी ही मागच्या काळाची भाषा झाली आणि पुढचा काळ हिंदी-इंग्रजीत बोलू लागला.

येथेच आमच्या चिंतेचे मूळ आहे. इंदूरच्या जुन्या घरांत अजूनही मोडी कागदांचे रुमाल सापडतात. सनदा, जमाखर्च, लग्नाच्या याद्या, पुण्याहून आलेली पत्रे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली, आणि अवघ्या दोन पिढ्यांत आपल्याच आजोबांचे हस्ताक्षर आपल्याला परके झाले. कागद जपले, पण वाचता येईना. आपल्या कुळकथेचे मागचे पर्व असे आपल्याच घरात कुलूपबंद होऊन पडले. उद्या देवनागरीतील मराठीची हीच गत झाली, तर 'मुक्काम शेंडेनक्षत्र' त्या मोडी रुमालाशेजारी जाऊन बसेल.

विज्ञान आपल्यापासून दूर आहे, असे म्हणण्याची सोयही इंदूरकरांना नाही. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविण्यात आली. आज ते राजा रामन्ना यांच्या नावाने ओळखले जाते. भारताचा पहिला सिंक्रोट्रॉन, 'इंडस-१', १९९९ मध्ये येथेच कार्यान्वित झाला. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळाकार फिरतात आणि वळताना प्रखर किरण सोडतात. नंतर उभ्या राहिलेल्या 'इंडस-२' चा परीघ पावणेदोनशे मीटरांच्या आसपास आहे. राजवाड्यापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी हे घडते आहे, आणि त्यावर आपल्या वाचनात आलेली मराठी कथा कोणती, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो.

परदेशी मालिका मुलांनी पाहू नयेत, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. व्हर्नही परदेशीच होता; आठल्यांनी आणि भागवतांनी त्याला दाराबाहेर उभे केले नाही, आत बोलावून मराठी बोलायला लावले. आमची सूचना त्याच वाटेची आणि फार साधी आहे. नव्या पर्वाचा भाग पाहून झाला की त्या रात्री जेवताना नातवंडांना तो मराठीत सांगायला लावावा. प्रारंभी अडखळतील, निम्मे शब्द इंग्रजी येतील. मग हळूच सांगावे की त्यांना ठाऊक असलेल्या 'ब्लॅक होल'ला मराठीत कृष्णविवर म्हणतात आणि त्या नावाची एक कथा आहे. यान, कक्षा, गुरुत्वाकर्षण, शेंडेनक्षत्र हे शब्द नव्याने पाडावे लागणार नाहीत; ते आपल्या पूर्वसूरींनी पाडून ठेवलेले चलन आहे. ते पेटीत ठेवून त्याची किंमत राहणार नाही, ते खर्चले पाहिजे.

आणि आजी-आजोबांनी ऐकताना एक पथ्य पाळावे. व्याकरणाची चूक काढण्यासाठी मध्येच थांबवू नये. थांबवायचेच असेल तर 'मग पुढे काय झाले?' असे विचारून थांबवावे. १९६८ मध्ये हजारो पत्रांनी एका मालिकेचे पुढचे पर्व मागून घेतले. कोणीतरी ऐकायला बसले आहे हे कळल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. ज्या घरात मोडीचे रुमाल अजून आहेत, त्यांनी ते उन्हात घालून नीट ठेवावेत आणि वाचणारा शोधावा. ज्या घरात भागवतांची जुनी पुस्तके आहेत, त्यांनी ती रद्दीत न देता एखाद्या मराठी वाचनालयास द्यावीत. आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी माळव्याच्या मातीतले एखादे यान बांधायला घ्यावे, मात्र कथेच्या शेवटी ते मोडू नये. पुढच्या कोणाला तरी ते चालवायचे आहे.